पंगतीला न बसलेला पाहुणा

नरकचतुर्दशीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड कसा फुलून जातो ते डोंबिवलीकराला सांगायला नको, आणि इतरांना सांगून खरे वाटायचे नाही. गणपतीचे दर्शन झाले की नव्या कपड्यांतली माणसे रस्त्यावरच घोळक्याने उभी राहतात. पूर्वी त्या घोळक्यात एकच प्रश्न विचारला जाई, "फराळाला कधी येताय?" अलीकडे त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आला आहे, "यंदा कुठे जाऊन आलात?" गेल्या दिवाळीत एका काकूंनी ह्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर दिले, ते मी कान देऊन ऐकले.

"कंबोडियाला. अहो, काय ते अंगकोरचं देऊळ! भिंतभर समुद्रमंथन! पाहून डोळ्यांत पाणी आलं."

"आणि जेवणाचं?"

"ती काळजीच नव्हती. रोज आपलंच जेवण. वरणभात, बटाट्याची भाजी, शेवटच्या रात्री तर श्रीखंड!"

विचारणाऱ्या बाईंचा चेहरा एकदम निवळला. कंबोडिया हा जाण्याजोगा देश आहे, हे त्यांना समुद्रमंथनाने नव्हे, श्रीखंडाने पटले.

ह्या उत्तराला हसण्याचा मला अधिकार नाही. मीही त्याच देशात, तशाच एका टूरबरोबर पाच दिवस राहून आलो आहे आणि पहिले तीन दिवस मीही तेच जेवलो आहे. पण मी वाचनाचा जुना शौकीन. दर दिवाळीला अंक आले की त्यांतली प्रवासवर्णने मी आधी काढतो. ती वाचताना काही वर्षांपासून एक गोष्ट मला खटकू लागली आहे. काकूंचे ते उत्तर आणि आपले छापील प्रवासवर्णन ह्यांत फारसा फरक उरलेला नाही. देवळाला चार पाने, हॉटेलच्या खोलीला एक पान आणि जेवणाला एक वाक्य: "जेवणाची सोय उत्तम होती." ह्या लेखात मी त्या एका वाक्याचेच परीक्षण करणार आहे. वाक्य लहान आहे. पण एखाद्या देशाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, ते त्यात पुरते उघडे पडते.

प्रथम स्वतःचीच हकीकत सांगतो. सिएम रीप हे अंगकोरच्या कुशीतले गाव. तिथे रोज संध्याकाळी आमची बस एका भारतीय हॉटेलच्या दारात उभी राही. आत पनीर, आत डाळ, आत पापड. जेवण वाईट नव्हते. परंतु डोंबिवलीत कोणत्याही लग्नाच्या स्वागतसमारंभात जे मिळते, ते खाण्यासाठी मी समुद्र ओलांडून आलो आहे, ही जाणीव काही केल्या जाईना. तिसऱ्या रात्री मी बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिलो. समोरच्या दुकानावर ख्मेर लिपीतली पाटी होती. आमचा वाटाड्या चांगला बोलका होता. त्याला मी सहज विचारले, "ह्यावर काय लिहिले आहे?" त्याने जे सांगितले ते ऐकून मी चकित झालो. ख्मेर भाषेत उपाहारगृहाला जो शब्द आहे तो लिहिताना 'भोजनीयट्ठान' असा लिहितात, म्हणजे आपले 'भोजनीय-स्थान'. शतकांच्या वापराने उच्चार बराच झिजला आहे, पण अक्षरांत संस्कृत-पाली जशीच्या तशी आहे. जेवणाला त्यांच्याकडे दुसरा एक शब्द आहे, तो 'आहार'. आपण ज्याला बिनदिक्कत 'हॉटेल' म्हणतो, त्याला तो देश भोजनीयस्थान म्हणतो! आणि मी संस्कृतीच्या शोधात आलेला मराठी माणूस त्या पाटीकडे पाठ करून पनीर खात होतो.

आपल्या प्रवासलेखनात अन्नाविषयीचा मजकूर ज्या तीन तऱ्हांनी येतो, त्या मी त्या रात्री मनातल्या मनात मांडून पाहिल्या.

पहिली तऱ्हा सोयीची. "सोय उत्तम होती" किंवा "सोय यथातथाच होती", एवढेच. येथे अन्न म्हणजे गादी-उशीसारखी वस्तू. ती घरच्यासारखी असली की झाले. ह्या तऱ्हेमागे भीती आहे, आणि ती सगळीच खोटी नाही. वयस्कर माणसे असतात, पथ्ये असतात, कुणाचा श्रावण असतो. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली दक्षिणेसाठी उत्तरेकडे निघाले तेव्हा पोटाची चिंता हाच त्यांच्या प्रवासाचा हेतू होता. आजचा डोंबिवलीकर मात्र भरल्या पोटी निघतो आणि तरी पोटाच्याच चिंतेने परततो, हे नवल आहे.

दुसरी तऱ्हा विनोदाची. पु. ल. देशपांडे यांनी 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३) लिहून मराठी घराला परदेश दाखवला, आणि पुढे 'माझे खाद्यजीवन' लिहून, खाण्याविषयी लिहिणे म्हणजे हलके काम नव्हे, हेही दाखवले. त्यांचा विनोद रसिकाचा होता. आधी जीभ ओली व्हायची, मग लेखणी. त्यांच्यामागून आलेल्यांनी त्यातली गंमत उचलली आणि रसिकता तिथेच ठेवली. मग पूर्वेकडच्या देशांवरच्या प्रत्येक लेखात तळलेले किडे येतात. कंबोडियावर लिहायचे तर स्कून गावच्या बाजारातले तळलेले कोळी यायचेच. परातीत रचलेल्या त्या काळ्या केसाळ पायांचे वर्णन, लेखकाच्या पत्नीची किंकाळी आणि "आम्ही आपली चकली काढली" हा शेवट. असे लेख मी इतके वाचले आहेत की किंकाळी कोणत्या परिच्छेदात येणार ते आता मला आधीच कळते.

तिसरी तऱ्हा वरवर सर्वांत सुसंस्कृत आणि म्हणून सर्वांत फसवी. ती म्हणजे "हे सारे आपलेच!" देऊळ विष्णूचे, म्हणजे आपले. भाषेत संस्कृत, म्हणजे आपली. भात खातात, म्हणजे आपलेच. ह्या तऱ्हेत कौतुक पुष्कळ असते, पण ते कौतुक समोरच्याचे नसते. पाहुण्याने यजमानाच्या घरात शिरून भिंतीवरच्या तसबिरीत स्वतःच्याच आजोबांचा चेहरा शोधत बसावे, तसे ते असते. 'भोजनीयस्थान' ऐकून मला जो आनंद झाला, तोही ह्याच जातीचा होता, हे येथेच कबूल करतो.

मग अन्नाविषयी लिहावे कसे? ह्याचा एक नमुना सातशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला आहे, आणि योगायोगाने तो अंगकोरविषयीचाच आहे. चौ ता-कुआन नावाचा एक चिनी माणूस १२९६ साली राजदूतांच्या तांड्याबरोबर अंगकोरला आला आणि जवळजवळ वर्षभर राहिला. परत गेल्यावर त्याने त्या देशाच्या चालीरीतींवर एक लहानसे टिपण लिहिले. राजवाडा आणि मिरवणुका तर त्यात आहेतच; पण तो साध्या माणसाच्या चुलीपाशीही जाऊन बसला आहे. भात मातीच्या भांड्यात शिजतो, पळी नारळाच्या करवंटीची असते, कालवणासाठी झाडाच्या पानांचे लहान द्रोण करतात आणि ते गळत नाहीत. भात हातानेच खातात आणि हात बुडवायला शेजारी पाण्याचे भांडे ठेवतात. आंबटपणा हवा असला तर चिंचेचा पाला घालतात. हे सगळे त्याने टिपले आहे. तो काही प्रेमळ पाहुणा नव्हता. आपल्या देशाच्या मोठेपणाची त्याला पक्की जाणीव होती आणि नाक मुरडणेही त्याला येत होते. पण नाक मुरडतानादेखील त्याने डोळे मिटले नाहीत. द्रोण गळतो की नाही, हे त्याने पाहिले. आमच्या टूरमधल्या किती जणांनी तेवढे पाहिले?

पाहण्यासारखे तर दगडांतही होते. अंगकोर वाटमधले समुद्रमंथन बाराव्या शतकातले, दुसऱ्या सूर्यवर्म्याच्या काळातले. जवळजवळ पन्नास मीटर लांबीची ती भिंत पाहून खरोखर थक्क व्हायला होते. तिथे आमचा मुक्काम पाऊण तास. पण जवळच बायोन नावाचे देऊळ आहे, सातव्या जयवर्म्याचे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर देव थोडे आणि माणसे फार. बाजार मांडलेला आहे, बायका माल घेऊन बसल्या आहेत, चुली पेटल्या आहेत, कुणी काड्यांना टोचून काही भाजतो आहे, कुणी भल्यामोठ्या भांड्यात अख्खे जनावर सोडतो आहे. आठशे वर्षांपूर्वीचे ते स्वयंपाकघर पाहायला आम्हाला पाच मिनिटे मिळाली, कारण जेवणाची वेळ झाली होती!

चौथ्या दिवशी सकाळी मी आणि आमची मंडळी टूरला न विचारता बाहेर पडलो. "अहो, बस चुकेल," असे तीनदा म्हणून ती माझ्या पुढेच चालत होती. जुन्या बाजारात कावड घेऊन बसलेल्या एका बाईपाशी गर्दी दिसली. तिच्या टोपलीत पांढऱ्या शुभ्र तांदळाच्या शेवयांच्या लडी नीट वळून ठेवल्या होत्या. ती एक लड वाटीत घाली, वर काकडी, केळफूल, मोड आणि चार जातींचा पाला चिरून टाकी आणि मग पातेल्यातली हिरवट पिवळी माशाची कढी ओती. ह्या पदार्थाचे नाव नुम बान् चोक. ही तिकडची न्याहारी.

मी पहिला घास घेतला आणि मला माझी आजी आठवली. आमचे घराणे मालवणकडचे. आजी सणाला शिरवाळे करी. तांदळाच्या उकडीचे गोळे साच्यात घालायचे आणि घरातल्या थोरल्या पोराने दांडा दाबायचा. खाली पडणाऱ्या शेवया गुळाच्या नारळरसात बुडवून खायच्या. सिएम रीपच्या त्या बाईंकडेही छिद्रांचा साचा असतो, पीठ भिजवून, दाबून, कुटून लोण्यासारखे मऊ केलेले असते आणि शेवया थेट उकळत्या पाण्यात पडतात. आमच्याकडे गूळ, तिच्याकडे मासा. त्या कढीत ज्या वाटणाचा वास होता त्याला ख्मेर लोक क्रुंग म्हणतात. गवती चहाचे दांडे, ओली हळद, आल्याच्या जातीचा एक रानटी कंद, लसूण, छोटे कांदे आणि एका खरबरीत लिंबाची साल व पाने हे सारे खलबत्त्यात कुटायचे. मिरची जवळजवळ नाही. आपल्याप्रमाणेच त्यांच्याकडेही मिरची दर्यापलीकडून उशिरा आली. आपण तिला घर दिले, त्यांनी पडवीत ठेवले. झणझणीतपणासाठी त्यांचा भर मिऱ्यावर आहे, आणि कांपोत भागातले मिरे तर जगात नावाजलेले आहे. म्हणून पहिल्या घासाला आपल्याकडची माणसे "फिक्कं आहे" म्हणतात. थोडे थांबले, तर त्या फिकेपणामागे आंबट, कडसर, सुवासिक अशा कितीतरी चवी एकामागून एक उभ्या असलेल्या कळतात.

त्याच दिवशी दुपारी आम्ही आमोकही खाल्ला. हा तिकडचा मानाचा पदार्थ. मासा, क्रुंग, नारळाचे दूध आणि अंडे एकत्र फेटून केळीच्या पानाच्या द्रोणात वाफवतात, आणि नीट जमला तर तो खरवसासारखा थरथरतो. तळाशी नोनीची पाने असतात. हे आपल्या किनाऱ्यावरचे बारतोंडीचे झाड. चौ ता-कुआनचा न गळणारा द्रोण माझ्यापुढे होता! पण परीक्षण करायचे तर दोन्ही बाजूंनी केले पाहिजे. पहिल्या ठिकाणी आम्हाला मिळाला तो आमोक नव्हता. नारळाच्या रसातली पातळ आमटी एका पानात ओतून दिली होती. प्रवाशांच्या गर्दीच्या रस्त्यांवर असे सर्रास चालते. वाफवायला वेळ लागतो, प्रवाशाला घाई असते, आणि त्याला फरक कळत नाही हे हॉटेलवाल्याला ठाऊक असते. न जाणणारा पाहुणा यजमानालाही आळशी करतो. खरा आमोक आम्हाला दुसऱ्या दिवशी एका लहान दुकानात मिळाला. तिथे बाईंनी आधीच खुणेने सांगितले होते, अर्धा तास बसावे लागेल.

येथवर मी सादृश्येच सांगितली. शिरवाळे, द्रोण, बारतोंडी. ह्याच वाटेने गेलो तर मीही "हे सारे आपलेच" म्हणणाऱ्यांच्या ओळीत जाऊन बसेन. सादृश्य ही ओळख करून घेण्याची पहिली पायरी आहे, हे खरे. खरी कसोटी सादृश्य संपते तिथे लागते, आणि ख्मेर जेवणात ते जिथे संपते त्याचे नाव प्रहोक.

कंबोडियाच्या मधोमध तोनले साप नावाचे विशाल सरोवर आहे. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की सरोवरातून तिच्याकडे वाहणारी नदी उलटी वाहू लागते. उन्हाळ्यात अडीच हजार चौरस किलोमीटर असलेले ते पाणी पाच-सहापट पसरते, जंगलांत शिरते आणि तिथे मासळी पोसते. पुढे पाणी उतरू लागले की अलोट मासे जाळ्यांत येतात. इतके मासे एकदम खाऊन संपत नाहीत. म्हणून ते कुटून, मीठ लावून, आंबवून मडक्यांत भरून ठेवतात. हा प्रहोक. गरिबाच्या घरी वर्षभर भाताला तोच आधार आणि श्रीमंताच्या कालवणातही चमचाभर तोच. त्याचा वास मात्र फार उग्र असतो. बाजारात त्या ओळीत शिरताच मी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. मडक्यांपाशी बसलेल्या म्हातारीने माझ्याकडे पाहिले. ती रागावली नाही, हसलीही नाही. तिने फक्त मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान मी पूर्वी पाहिली होती. ती माझ्या आईची होती.

आम्ही डोंबिवलीला बिऱ्हाड केले तेव्हा मी शाळेत होतो. आगोटीच्या आधी मालवणहून सुकटाची आणि बोंबलांची गाठोडी येत, कारण पावसाळ्याची बेगमी तीच. एका रविवारी आईने निखाऱ्यावर बोंबील भाजले आणि जिन्यात कुजबूज झाली. कुणी भांडले नाही. संध्याकाळी एक सज्जन गृहस्थ येऊन वडिलांना इतकेच म्हणाले, "जरा खिडक्या लावून घेत जा." आई दाराआड उभी होती. पुढे ती खिडक्या लावून भाजू लागली, नंतर आम्ही कुणी घरात नसताना भाजू लागली आणि मग भाजायचे तिने सोडूनच दिले. आम्हीही पुढे नव्या इमारतीत गेलो, सुधारलो आणि सुकटाचा वास आमच्याही नाकाला सोसेना. ह्या गावाभोवतीच्या खाडीकाठी आगरी-कोळ्यांची घरे आमच्या फ्लॅटांच्या कितीतरी आधीची आहेत. मिठागरे, भातशेती आणि सुकी मासळी ह्यांवर ती जगली. त्यांच्या चुलीला आम्ही 'वास' म्हणालो. तो रुमाल मी सिएम रीपला नेला नव्हता. तो डोंबिवलीपासूनच माझ्या नाकाला होता.

म्हणून म्हणतो, "जेवणाची सोय उत्तम होती" हे वाक्य वाटते तितके निरुपद्रवी नाही. परक्याच्या अन्नाला आपण जे नाक मुरडतो ते नाक घरीच तयार झालेले असते. गिरगाव-दादरच्या जुन्या खानावळींच्या पाट्यांवर जाती लिहिलेल्या असत. त्या पाट्या उतरल्या म्हणून आपण समाधान मानले, पण नाकाने ती अक्षरे अजून जपून ठेवली आहेत.

विनोदाच्या तऱ्हेविषयीही एक गोष्ट सांगायची राहिली. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने नोम पेन्ह घेतले आणि शहर रिकामे केले. पैसा रद्द झाला, बाजार बंद झाले. पुढे घरोघरची चूलही बंद झाली. भांडीकुंडी जमा करून सर्वांनी सामुदायिक भोजनशाळेत जेवायचे, असा हुकूम निघाला. जेवण म्हणजे पाण्यात तरंगणारी भाताची शिते. रानातला कंद किंवा ओढ्यातला मासा स्वतःसाठी उचलला तरी शिक्षा होत असे, कधी जिवानिशी. ७ जानेवारी १९७९ रोजी ती राजवट कोसळली. तीन वर्षे, आठ महिने आणि वीस दिवस! तेवढ्या काळात पंधरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, रोगांनी, कष्टांनी आणि हत्यांनी मेली, असे अभ्यासकांचे अंदाज आहेत. तळलेल्या कोळ्यांचे खाणे त्या उपासमारीतच पसरले, असे पुष्कळ जण सांगतात. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि मिलो आठवणारी माणसे आपल्याकडे अजून आहेत. आपला तो दुष्काळ पावसाने आणला होता, त्यांचा माणसांनी. पण उपाशीपोटी माणूस काय खातो ह्यावर विनोद करू नये, हे दोन्हींना लागू आहे. ज्या देशात पावणेचार वर्षे 'भोजनीयस्थान' ही कल्पनाच पुसली गेली होती, तिथे आज एखादी बाई चार खुर्च्या मांडून परक्या माणसाला "या, बसा" म्हणते. ख्मेर भाषेत जेवणे म्हणजे 'न्याम बाय', शब्दशः भात खाणे, आणि भेटल्यावर विचारतात ते "भात खाल्लात का?" आपल्या "जेवलात का?" सारखाच हा प्रश्न. त्या देशात तो विचारताना काय काय आठवत असेल, ते जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

आता वाचक विचारतील, "मग आम्ही शाकाहाऱ्यांनी काय करावे? प्रहोक खावा?" मुळीच नाही. न खाणे हा अपमान नव्हे. तुच्छतेने न खाणे हा अपमान. व्रत पाळणाऱ्याचा मान सगळीकडेच राखला जातो, मागायला मात्र यावे लागते. शाकाहारी अन्नाला तिकडे 'म्होप बुअस' म्हणतात. 'साच' म्हणजे मांस, 'त्रेई' म्हणजे मासा आणि 'तुक त्रेई' म्हणजे माशाचा खारट अर्क. हा अर्क भाजीतही पडतो, म्हणून मांस नको म्हणून भागत नाही, त्याचेही नाव घेऊन नको म्हणावे लागते. सामलॉ ककॉ नावाचे तिकडचे एक कालवण आहे. कच्ची पपई, भोपळा, कच्ची केळी, वांगी, पालेभाजी आणि वर भाजलेल्या तांदळाचे पीठ. आपल्या खतखत्याचा भाऊच म्हणा. मुळात त्यात प्रहोक आणि मासा असतो, पण आधी सांगितले तर पुष्कळ ठिकाणी त्यावाचून करून देतात. आमोकही मासा सोडून भोपळ्याचा, अळंब्यांचा मिळतो. आमच्या मंडळींची चतुर्थी होती त्या दिवशी एका दुकानदारिणीने तिला उकडलेले रताळे, केळी आणि शहाळे आणून दिले आणि उपास कोणत्या देवाचा, हे खुणांनी विचारून घेतले. आमच्या पाच दिवसांच्या टूरमधले देवाधर्माविषयीचे सर्वांत चांगले संभाषण ते होते.

टूरवाल्यांनाही मी सर्वस्वी दोष देणार नाही. चाळीस माणसांची पोटे सांभाळणे ही जोखीम आहे आणि माणसे जे मागतात तेच ते देतात. पण पाच दिवसांतले एक जेवण, निदान एक न्याहारी, यजमानाच्या हातची घ्यायला काय हरकत आहे? आणि लेखकांना एवढेच सांगणे, की पुढच्या प्रवासवर्णनात जेवणाला एक वाक्य देऊ नका, एक माणूस द्या. कुणी रांधले, कशावर रांधले, वाढताना काय म्हणाले, हे लिहा. द्रोण गळला की नाही, तेही लिहा.

पाचव्या दिवशी मी पुन्हा बाजारात गेलो. प्रहोकवाली म्हातारी जागेवरच होती. ह्या वेळी रुमाल खिशातच ठेवला. तिने काडीच्या टोकावर थोडासा प्रहोक, वर लिंबू पिळून, एका पालेभाजीच्या पानावर दिला. मी खाल्ला. आवडला असे म्हणणार नाही. खारट, उग्र आणि जिभेवर फार वेळ राहणारा. पण तो गिळताना खिडक्या लावलेले आमचे जुने स्वयंपाकघर मला स्वच्छ दिसले.

निघताना आमच्या वाटाड्याने एक कागदी पुडी हातात ठेवली. उघडून पाहतो तो पोहे! तिकडे त्यांना अंबोक म्हणतात. कोवळे नवे भात भाजून, उखळात कांडून, पाखडून केलेले. पाणी उतरू लागले की त्यांचा मोठा जलोत्सव येतो, होड्यांच्या शर्यती होतात. तो त्यांच्या 'कदउक' महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला. त्या रात्री चंद्राला नमस्कार करून हे पोहे केळ्याबरोबर आणि शहाळ्याच्या पाण्याबरोबर खातात. कोजागरीला आपल्या जुन्या घरांतून पोहे आणि नारळाचे पाणी असेच देत, ते मला आठवले. पण ह्या वेळी "हे आपलेच" असे मी म्हणालो नाही. मी विचारले, "चंद्राला नमस्कार का?" तो म्हणाला, चंद्रावर ससा आहे म्हणून. पूर्वजन्मी बुद्ध ससा होता. दारी भुकेला अतिथी आला आणि द्यायला जवळ काही नव्हते, म्हणून त्याने स्वतःचे शरीरच त्याच्यापुढे ठेवले. तोच ससा चंद्रावर आहे.

तो ससा आपल्याकडची मुलेही दाखवतात. तो तिथे का बसला आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

ती पुडी मी जपून आणली. गेल्या नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्यावर आमच्या मंडळींनी फराळाच्या ताटात दहीपोह्यांशेजारी मूठभर अंबोक वाढला. आणि त्या दिवशी आम्ही स्वयंपाकघराच्या खिडक्या उघड्या ठेवल्या. पुढच्या रविवारी बोंबील भाजले, तेव्हाही उघड्याच होत्या.